मौनाचे प्रवक्ते

कल्याण सोडून गाडी कसाऱ्याच्या बाजूला वळली की पहिलं स्टेशन शहाड. इथल्या प्रत्येक सोसायटीत एक पेटीवाले असतात, एक भजनी मंडळवाले असतात, नाट्यसंगीताच्या दोन ओळींवर आयुष्य काढलेले एक जण असतात आणि एक बासरीकाका असतात. पहिले तिघे सोसायटीला परवडतात. पेटीवाले गणपतीत कामाला येतात, भजनवाले एकादशीला, आणि नाट्यसंगीतवाले कुठेच कामाला येत नसले तरी ते फक्त आंघोळीच्या वेळी गातात. बासरीकाकांचा उपयोग काय, हे मात्र सोसायटीला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनाच विचारून बघा. ते डोळे मिटतील, जरा थांबतील आणि म्हणतील, "अरे, उपयोग नाही हाच तर बासरीचा उपयोग." आणि मग त्यावर पाऊण तास बोलतील. शांततेवर इतकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमचे बासरीकाका कंपनीतून निवृत्त झाले. शहाडमध्ये 'कंपनी' म्हटलं की सेंच्युरी रेयॉन, नाव घ्यावं लागत नाही. आयुष्य तीन पाळ्यांत गेलं. मशीनच्या घरघराटात समोरच्याशी हातवाऱ्यांनी बोलायची सवय लागली आणि ती घरीही टिकली. काकूंनी चहाचं विचारलं की ते अजून अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडं अंतर धरून दाखवतात, म्हणजे अर्धा कप. निरोपसमारंभात त्यांनी जाहीर केलं, "इथून पुढे फक्त शांतता." आणि शांततेसाठी त्यांनी वाद्य निवडलं. काकूंना पहिली शंका तिथेच आली.

पहिली बासरी आली टिटवाळ्याहून. अंगारकीला महागणपतीच्या देवळाबाहेर एक जण काठीला पन्नासेक बासऱ्या खोचून उभा होता आणि त्यांतलीच एक काढून अशी काही वाजवत होता की काकांचा नारळ हातातच राहिला. त्यांनी त्याच्या ओठांवरचीच बासरी मागून घेतली. धुऊन द्या, असं काकू म्हणाल्या, ते त्या दोघांनाही आवडलं नाही. घरी येऊन फुंकली तर नुसती हवा. सगळ्या बासरीवाल्यांचा धंदा या एकाच गोष्टीवर चालतो. त्याच्या हातात असेपर्यंत ती बासरी असते, आपल्या हातात आली की निव्वळ बांबू.

यात बासरीवाल्याची फसवणूक काही नाही. बासरीला पत्ती नाही, तार नाही, कातडं नाही. ओठांतून निघालेली हवेची पातळ पट्टी छिद्राच्या पलीकडच्या काठावर जाऊन आपटली आणि दुभंगली की आतली हवा थरथरते, तोच सूर. कोन केसभर चुकला की फुस्स. तो सगळा पावसाळा काकांच्या घरातून फुस्स एवढंच ऐकू यायचं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी काकूंना बोलावून गॅसचा पाइप एकदा बघून घ्यायला सांगितलं होतं. नवरात्रात कधीतरी पहिला सूर लागला. काकू म्हणतात, "कंपनीत परमनंट झाले तेव्हासुद्धा एवढे हसले नव्हते."

आता त्यांच्याकडे पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची बासरी आहे, अडीच फुटांच्या आसपास. बासऱ्या उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतला होतात आणि त्यांचा बांबू आसामातून येतो, हे ते अशा थाटात सांगतात की जणू बांबू तोडायला स्वतः गेले होते. बासरी काकूंच्या जुन्या इरकलीच्या पिशवीत झोपते. काकांच्या डोक्याला खोबरेल तेल, बासरीला बदामाचं. पहाटे साडेपाचला आंघोळ करून ते गॅलरीत आसन टाकतात, ओठांना व्हॅसलीन लावतात, मोबाइलवर तानपुरा सुरू करतात आणि डोळे मिटतात. एरोप्लेन मोड मात्र रोज विसरतात. मंद्रातला धैवत नुकता स्थिरावत असतो आणि तानपुऱ्याच्या जागी कुणीतरी गोड आवाजात वैयक्तिक कर्जाबद्दल विचारतं. साडेपाचला कर्ज विकणारी ही कोण माणसं आहेत, हा माझाही प्रश्न आहे.

साडेपाचच का? तर तेव्हा शांतता असते. शहाडमध्ये! एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला मुरबाडकडे जाणारा रस्ता, त्यावरून माळशेज घाटाकडे निघालेले ट्रक. पहिल्या-दुसऱ्या लोकल, मधूनच न थांबता धडधडत जाणारी मेल, दूधवाल्याची मोटारसायकल, बिर्लांच्या विठ्ठलमंदिराकडे निघालेल्या बायकांच्या गप्पा, आणि बरोब्बर सहाला सोसायटीचा पाण्याचा पंप. पण काकांची तक्रार नसते. तक्रार करायची तर मौनाची भूमिका सोडावी लागेल. ते आवाजांना सूर देऊन मोकळे होतात. "पंप ऐकलास? पांढरी पाच. किंचित चढी." मला ही काकांची कल्पना वाटायची. मग एका इलेक्ट्रिशियन मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, बरोबर आहे, आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, मोटारीचा गुणगुणाट त्याच्याच घरातला, आणि पांढरी पाचचा खालचा सूर ४९ च्या जवळ. म्हणजे काकांचा कान चोख आहे. बोटांचं मी काही म्हणत नाही.

तर पांढरी तीनचा षड्ज धरला की पांढरी पाच येते कोमल गंधारावर. म्हणून पंप चालू असेपर्यंत काका तोडी वाजवतात आणि पंप बंद झाला की अहिर भैरव. वेळ तोडीची नसते, पण पंपाची असते. फक्त एक सल आहे. तोडीचा गंधार अतिकोमल लागतो, आपला पंप मात्र जरा चढा. यावर त्यांनी सेक्रेटरींना भेटून काही करता येईल का असं विचारलं होतं. पुढे पंप जुना झाला म्हणून सर्वसाधारण सभेत नव्याचा ठराव आला, तेव्हा एकटे काका उठले. इतक्या वर्षांची साथ अशी मोडता येत नाही, म्हणाले. त्या सभेच्या इतिवृत्तात एका सभासदाने गंधाराच्या कारणावरून विरोध नोंदवला असं वाक्य आहे, मी स्वतः वाचलंय. नवा पंप आला. वीज तीच, त्यामुळे सूरही तोच निघाला. काका आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, "घराणं तेच आहे, फक्त आवाज दबका."

काकांशी बोलताना पन्नालाल घोष हे नाव आलं की खुर्ची ओढून घ्यावी. जन्म १९११, बारिसालचा. त्यांच्याआधी बासरी म्हणजे गुराख्याची, लोकगीतांची, फार तर नाटकातली. यांनी लांब, जाड, खर्जाची बासरी करून घेतली, तिच्यावर ख्याल वाजवला आणि तिला मैफलीत मानानं बसवलं. बासरीला सातवं छिद्र त्यांनी दिलं. मुंबईत येऊन सिनेमांना संगीत दिलं, १९४२ चा 'बसंत' त्यांचाच. आणि १९६० साली दिल्लीत गेले तेव्हा पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. इथे काकांचा आवाज दाटतो. पण लगेच ते सावरतात. "फोटो बघितलास? खांदे बघ! तालमीत घडलेलं शरीर." मग हरिप्रसाद चौरसिया येतात. त्यांचे वडील अलाहाबादचे पहिलवान, मुलानं आखाड्यात उतरावं ही त्यांची इच्छा, आणि मुलगा चोरून बासरी शिकलेला. दोन सर्वांत मोठे बासरीवादक, दोघांच्या मागे आखाडा. एवढ्या पुराव्यावर काकांनी साठी उलटल्यावर जोर-बैठका सुरू केल्या. चौथ्या दिवशी कंबर धरली. पंधरा दिवस बासरी बंद, आणि शेकण्याची पिशवी घेऊन काकू दारात. काका उताणे पडल्या पडल्या म्हणाले, "तंत्र बरोबर होतं, वय चुकलं."

सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींची गोष्ट त्यांनी अशीच मनावर घेतली. हरिप्रसाद नाव झाल्यावर त्यांच्याकडे शिकायला गेले आणि सगळं पुसून नव्यानं शिकायची तयारी आहे हे दाखवायला त्यांनी बासरी धरायचे हातच बदलले, उजव्याचे डावे केले. बाईंनी स्वतः कित्येक दशकं जाहीर मैफल केली नाही, आणि मुंबईतल्या त्यांच्या दारावर पाटी होती की बेल तीनदाच वाजवावी, दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून जावं. काकांनी हे वाचलं त्याच संध्याकाळी आमच्या जिन्यातल्या त्यांच्या दारावर पाटी लागली: 'साधना चालू आहे. बेल तीनदाच वाजवावी.' तोवर लोक एकदा वाजवून थांबायचे. आता दूधवाला, इस्त्रीवाला, कुरिअरवाला, वर्गणीवाले, सगळे हक्कानं तीनदा वाजवतात.

या माणसांना जगभरचं सगळं मौन जमवायचं असतं. मध्यंतरी जपानचे कोमुसो सापडले. हे झेन भिक्षू. शाकुहाची नावाची बांबूची बासरी फुंकणं हेच त्यांचं ध्यान. डोक्यावर विणलेली उभी टोपली, पार हनुवटीखालपर्यंत, म्हणजे वाजवणाऱ्याचा चेहरा दिसू नये, 'मी' म्हणून कुणी उरू नये. काका हे इतकं रंगवून सांगत होते की आम्ही चहा विसरलो. काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कांद्याची टोपली रिकामी आहे, घ्या." पुढे काकांनी सांगितलं की १८७१ साली सरकारनं तो पंथच बंद करून टाकला. काकूंनी मान वर केली. "शेजाऱ्यांनी अर्ज दिला असणार."

काकू नसत्या तर हे व्यक्तिचित्र मी लिहिलं नसतं. काका एकटे म्हणजे नुसतं प्रवचन. बासरी पोकळ असते म्हणून वाजते, माणसानंही आतून पोकळ व्हावं, हे त्यांचं आवडतं वाक्य. काकूंचं त्यावरचं ठरलेलं उत्तर, "ते तुम्ही पहिल्यापासून आहात." एकदा आषाढीला आम्ही तिघं देवळात गेलो होतो. कृष्णाच्या हातात बासरी, मग विठ्ठलाच्या हातात का नाही, असं मी सहज म्हटलं. काका पायरीवर बसलेच. "अरे, वाजवून झालंय. म्हणून हात कमरेवर. आता तो ऐकतोय. बासरीचं शेवटचं टोक ते, मौन." मला खरोखर सुचलं नव्हतं, मी गप्प झालो. काकू चप्पल शोधत होत्या. म्हणाल्या, "काही नाही. रुक्मिणीनं घरात वाजवू दिली नाही, म्हणून." दोन्ही उत्तरं मला पटतात. कुठलं जास्त, ते ज्याच्या त्याच्या संसारावर आहे.

बासरीकाकांचा खरा शत्रू पंप नव्हे, रेल्वे नव्हे. खरा शत्रू १९८३ साली आला. 'हीरो' नावाचा सिनेमा आला आणि त्यातली बासरीची धून देशभर झाली. तेव्हापासून भारतात कुणीही पिशवीतून बासरी काढली की समोरचा हमखास म्हणतो, "ते हीरोचं येतं का?" लग्नात हेच, बारशाला हेच. सोसायटीच्या गणपतीत एका वर्षी मुलांचे नाच आणि पाककला स्पर्धेचा निकाल यांच्या मधोमध काकांना दहा मिनिटं मिळाली. त्यांनी यमन धरला. पाच मिनिटं ते निषादावरच होते, षड्जाला शिवायचं नाही, लोकांनी वाट बघावी, हाच तर विरह, असा त्यांचा हिशोब. लोक वाट बघत होतेच, निकालाची. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, हीरो!" काकांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्यांदा आवाज आला. मग त्यांनी बासरी खाली ठेवली, माइक घेतला आणि दोन सुरांच्या मधल्या जागेबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यापेक्षा 'हीरो' वाजवलं असतं तर बरं, असं कमिटीला वाटलं.

बासरी शिकायला त्यांच्याकडे पोरं येतात, टिकत नाहीत. फुंकायचं नाही, फुंकर घालायची, भाजलेल्या जागेवर आई घालते तशी, असं ते सांगतात आणि पोरं दुसऱ्या महिन्यात कीबोर्डला जातात. एक दुसरीतला मुलगा मात्र पहिल्याच मिनिटाला सूर काढून बसला. फुस्स नाही, काही नाही. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. पावसाळाभर ओठ सोलून घेतलेला माणूस, आणि हे कार्टं नाक ओढत ओढत खडा पंचम लावतंय! दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, म्हणजे खरोखरच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्याच्यासाठी लहान बासरी घेऊन आले.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या. २२ तारखेला संध्याकाळी पाच वाजता सगळा देश थाळ्या वाजवत होता तेव्हा काका बासरी घेऊन गॅलरीत आले होते. त्या गदारोळात त्यांनी काय वाजवलं हे काकूंनाही सांगता येत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून शहाडमध्ये ती आली, काकांची शांतता. प्रवाशांच्या गाड्या नाहीत, रस्त्यावर तुरळक ट्रक. रेल्वेलाइनीवर बसलेल्या पाखरांचा आवाज घरात ऐकू येत होता. ज्या माणसानं रविवारचा मेगाब्लॉक पंचांगातल्या मुहूर्तासारखा वाचला, त्याला महिन्यामहिन्यांचा मेगाब्लॉक मिळाला होता. आम्हाला वाटलं, आता हे दिवसभर वाजवणार. सकाळी साडेपाच झाले, पावणेसहा झाले, पंप सुरू होऊन बंद झाला. बासरी नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. घाबरून फोन केला. काका हळू आवाजात म्हणाले, "अरे, एवढ्या शांततेत मला माझंच ऐकू येतं रे. मध्यमाला जाताना बोट उशिरा उचलतोय. तीस फुटांवरचा माणूससुद्धा ऐकेल. लोकल होती तोवर बरं होतं."

मग कळलं की काकूंनी मार्ग काढला. रोज पहाटे साडेपाचला त्या मुद्दाम मिक्सर लावायच्या. चटणीला, नाही तर नुसताच. त्या आडोशाला काका वाजवायचे. १५ जूनला अत्यावश्यक सेवेच्या लोकल सुरू झाल्या तेव्हा आमच्या जिन्यात सर्वांत जास्त आनंद या दोघांना झाला, एकाला गाडीचा आणि दुसरीला मिक्सर थंड झाल्याचा.

त्यानंतर मला काकूंच्या कानाचा पत्ता लागला. त्या कधी बासरीबद्दल बोलत नाहीत. पण आतून भांडी घासता घासता मध्येच "उतरलाय" एवढं म्हणतात, आणि गॅलरीत काका निमूटपणे बासरी ओठांवर किंचित वळवतात. कुणाकडे शिकलात, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात? रोज ऐकतेय." कल्याण गायन समाजाच्या देवगंधर्व महोत्सवाला दोघं अत्रे रंगमंदिरात जातात. काका पहिल्या आलापाला डोळे मिटतात आणि मध्यंतरापर्यंत त्यांचं ध्यान घोरण्याच्या बेतात येतं. शेवटच्या लोकलनं परत येताना मैफल कशी झाली हे काकू सांगतात आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीला काका सांगतात. शब्द तेच असतात.

गेल्या वर्षी काकांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. दंतवैद्यानं सांगितलं, काढावा लागेल, कवळी बसवू. बासरीवाल्याचा पुढचा दात म्हणजे ओठाचा आधार, तो गेला की फुंकरीचा कोन गेला. काकांनी सफरचंद सोडलं, ऊस सोडला, चकली सोडली. दिवाळीत त्यांच्यासाठी चकल्या दुधात बुडवून येऊ लागल्या. शेवटी दात त्याच्या मर्जीनं पडला, मंगळवारी, भाकरीबरोबर. कवळी आली आणि पुन्हा फुस्स सुरू झाली, पहिल्या पावसाळ्यातली. या वेळी खालच्या आजी गॅसचं काही बोलल्या नाहीत. काकू रोज सकाळी समोर बसायच्या, कपाळावर आठ्या घालून, आणि कोन सांगायच्या. जरा वर. जरा आत. थांबा. हं. काका आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी न बोलता ऐकत होते. महिन्याभरात सूर परत आला, थोडा खरखरीत. त्यांना विचाराल तर हे कवळीच्या डॉक्टरचं यश आहे. काकूंना विचाराल तर त्या भाजीचा भाव सांगतील.

तुमच्याही सोसायटीत असं एक घर असणार. जरूर जा, चहा चांगला मिळतो. 'हीरो'ची धून मागू नका, पंपाबद्दल चार शब्द बरे बोला, आणि पाटीवर काहीही लिहिलेलं असो, बेल एकदाच वाजवा.